फर्मवेअर १५४२ बाइट जास्त भरायलंय? बूटलोडरचं नाव बदलू नका, आधी हे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणीच्या एका भाऊनं घरी लिली५८ हा दोन भागांचा कीबोर्ड बनवलाय, दोन्ही बाजूला क्लोन प्रो मायक्रो (कीबोर्ड चालवणारा छोटा बोर्ड), दोन ओलेड (छोटे स्क्रीन), एक एन्कोडर (फिरवायचं बटन), खाली आरजीबी पट्टी (रंगीत दिवे), व्हिया (कंपाइल न करता किया बदलायची सोय) चालू आणि वरून मराठी अक्षरांचा एक वेगळा लेयर (कियांचा दुसरा संच). क्यूएमके, म्हणजे कीबोर्डचं फर्मवेअर (चिपमधे बसणारा प्रोग्राम) बनवायचं सॉफ्टवेअर, कंपाइल केलं की फर्मवेअर फार मोठं आहे, ३०२१४/२८६७२, १५४२ बाइट जास्त असा एरर यायलाय. एलटीओ (कोड आवळून लहान करणारी कंपायलरची सेटिंग) आधीपासून चालू आहे. मग कुणीतरी सांगितलं की रूल्स फाइलमधे बूटलोडर (नवीन फर्मवेअर आत घेणारा चिपवरचा छोटा प्रोग्राम) कॅटरिनाच्या जागी हाफके लिही, तसं केल्यावर एरर गेला, डावी बाजू फ्लॅश केली, शेवटी व्हेरिफायला (लिहिलेलं परत वाचून ताडताना) फेल झालं आणि आता डावी बाजू काहीच करत नाही. बोर्ड मेला का, आणि हे १५४२ बाइट कुठून कापायचे?

भाऊ, पहिलं सांगतो ते हे की उजव्या बाजूला अजून हात लावला नसेल तर लावू नका. ती चालू असलेली बाजू आपल्याला कदाचित डाव्या बाजूला उठवायला कामी येणार आहे. आणि डावी बाजू मेली असं आत्ताच धरू नका, मी आतापर्यंत असे जितके बोर्ड हातात घेतले त्यातले बरेच नुसते अर्धवट भरलेले होते, बूटलोडर आत जिवंत होता.

आता तो २८६७२ चा आकडा कुठून येतो ते नीट समजून घ्या कारण सगळा घोळ तिथंच आहे. तुमच्या प्रो मायक्रोवरची चिप एटीमेगा३२यू४ आहे, तिची फ्लॅश ३२ केबी म्हणजे ३२७६८ बाइट. त्यातले शेवटचे ४ केबी, म्हणजे ४०९६ बाइट, बूटलोडरचे. उरले २८६७२. ही काही क्यूएमकेनं मनानं घातलेली मर्यादा नाही, चिपवर त्या ठिकाणी खरंच दुसरा एक प्रोग्राम बसलेला आहे आणि यूएसबीवरून नवीन फर्मवेअर आत घेण्याचं काम तोच करतो. हाफके हा टीन्सी २.० वरचा बूटलोडर, तो फक्त ५१२ बाइटमधे बसतो म्हणून तिथं फर्मवेअरला ३२२५६ बाइट मिळतात. तुम्ही रूल्स फाइलमधे हाफके लिहिलं तेव्हा क्यूएमकेनं तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि ३०२१४ ला ३२२५६ शी ताडून बघितलं, बसतंय म्हणाला. पण चिपमधे तर कॅटरिनाच आहे. सातबाऱ्यावर क्षेत्राचा आकडा खोडून मोठा लिहिला म्हणून बांध सरकत नाही, तसं आहे हे. ती ओळ चिपवरचा बूटलोडर बदलत नाही, तुमच्या चिपवर कोणता आहे हे फक्त कंपायलरला सांगते. आणि तिचा दुसरा परिणाम लोकांना माहीतच नसतो, कीमॅपमधली जी रीसेटची की असते ती बूटलोडरमधे कशी उडी मारणार हे पण त्याच ओळीवरून ठरतं. कॅटरिनाची पद्धत वेगळी, हाफकेची वेगळी. म्हणजे साइज समजा बसली असती तरी तुमची रीसेट की नीट चालली नसती.

फ्लॅश करताना काय झालं असेल ते बघा. २८६७२ ला हेक्समधे लिहिलं तर ७००० होतं. टर्मिनलमधे मागं जाऊन तो व्हेरिफायचा एरर शोधा, त्यात पहिला फरक ७००० या पत्त्याला दाखवला असेल तर चांगली बातमी आहे. त्याचा अर्थ तिथपर्यंतचं सगळं नीट लिहिलं गेलं आणि पुढं बूटलोडरच्या जागेत चिपच्या लॉक बिटनी लिहू दिलं नाही. बूटलोडर शाबूत आहे, फक्त तुमच्या फर्मवेअरचं शेपूट आत गेलं नाही, आणि शेपटातच व्हेरिएबलच्या सुरुवातीच्या किमती असतात म्हणून ते चालू झाल्या झाल्या आडवं पडतं. लॉक बिट लावलेले नसतील तर मात्र बूटलोडरवरच लिहिलं गेलेलं असू शकतं, मग यूएसबीवरून काही होणार नाही.

तर आधी तपासणी. दोन्ही बाजू जोडणारी टीआरआरएस केबल काढून टाका, पण यूएसबी काढल्यावरच काढा, चालू असताना ती केबल ओढू नका, तिच्या टोकात व्हीसीसी आणि ग्राउंड क्षणभर एकमेकाला लागतात. मग डावी बाजू एकटी लॅपटॉपला लावा, क्यूएमके टूलबॉक्स (फ्लॅश करायचं ॲप) उघडा आणि आरएसटी (रीसेट) व जीएनडी (ग्राउंड) पिन चिमट्यानं पटकन दोनदा जोडा, अर्ध्या सेकंदाच्या आत दोनदा. टूलबॉक्समधे कॅटरिना डिव्हाइस कनेक्टेड अशी पिवळी ओळ आली तर बूटलोडर जिवंत आहे. काही क्लोनवर लिओनार्डोवाला कॅटरिना असतो, तो एकदा रीसेट केलं तरी जागा होतो, म्हणून दोन्ही करून बघा. ओळ आली की तुमच्याकडं साधारण आठ सेकंद आहेत, तेवढ्यात अपलोड नाही झालं तर तो परत निघून जातो. म्हणून आधी फ्लॅशची कमांड देऊन ठेवायची, ती रीसेट करा म्हणून थांबली की मग पिन जोडायच्या. उलट क्रमानं केलं की घाई होते. लिनक्सवर असाल तर क्यूएमकेची यूडेव्ह रूल्सची फाइल टाकलेली आहे का बघा, नाहीतर मोडेममॅनेजर नावाची सर्व्हिस तो सीरियल पोर्ट मधेच पकडून बसते आणि माणूस बोर्डाला दोष देत राहतो.

आणि तुमच्या क्लोनवर नक्की कॅटरिनाच आहे असं पण गृहीत धरू नका. पिवळ्या ओळीत अॅटमेल डीएफयू आलं तर तो वेगळा बूटलोडर, जागा तेवढीच खातो म्हणजे मर्यादा तीच २८६७२, पण रूल्समधलं नाव आणि फ्लॅश करायची पद्धत बदलते. जे नाव चिप स्वतः सांगेल तेच लिहायचं.

काहीच ओळ आली नाही, केबल बदलून, पोर्ट बदलून पण नाही आली, तर आयएसपी करावं लागेल, म्हणजे बूटलोडरशिवाय बाहेरच्या प्रोग्रामरनं थेट चिपमधे लिहायचं. एक केबल खराब म्हणून दोन दिवस वाया गेलेत माझे, नुसती चार्जिंगची केबल होती, तिच्यात डेटाच्या तारा नव्हत्या. तर केबल खरंच बदला. आयएसपीसाठी यूएसबीएएसपी नावाचा प्रोग्रामर असेल तर उत्तम, नसेल तर कुणा इंजिनिअरिंगच्या पोराकडं अर्डुइनो उनो मिळतोच, त्यावर अर्डुइनो आयएसपीचं स्केच टाकायचं. उनोची ११, १२, १३ या पिना प्रो मायक्रोच्या अनुक्रमे १६, १४, १५ ला, उनोची १० प्रो मायक्रोच्या आरएसटीला, आणि पाच व्होल्ट व ग्राउंड. स्केच टाकून झाल्यावर उनोच्या रीसेट आणि ग्राउंडमधे १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावा म्हणजे तो स्वतःच रीसेट होत नाही. उनो पण नसेल तर उजव्या बाजूचा प्रो मायक्रो सॉकेटमधून काढून त्यालाच प्रोग्रामर बनवता येतो, म्हणून वर म्हणलं की त्याला सांभाळा. फ्यूजच्या (चिपच्या मूळ सेटिंगच्या) किमती अंदाजानं टाकू नका, एक बिट चुकलं तर चिप बाहेरचं क्लॉक मागत बसते. ज्या बूटलोडरची हेक्स टाकताय त्याच्यासोबत दिलेल्याच किमती वापरा. आयएसपीनं चिप इरेज केली की सहसा ईईप्रॉम, म्हणजे सेटिंग साठवायची मेमरी, पण पुसला जातो, तुम्ही डावं-उजवं ईईप्रॉमवरून ओळखायची सेटिंग ठेवली असेल तर ते परत टाकावं लागेल, नाहीतर बोर्ड उलटा टाइप करतो आणि वाटतं वायरिंग चुकलं.

बोर्ड उठला असं धरू. आता १५४२ बाइट.

सगळ्यात आधी ओलेडचा कोड उघडा. लिली५८ च्या बऱ्याच कीमॅपमधे कोणती की दाबली ते स्क्रीनवर दाखवणारा एक कीलॉगर असतो, आणि तो आकडे अक्षरात बदलायला एसएनप्रिंटएफ वापरतो. हे एक फंक्शन वापरलं की त्याच्यामागं फॉरमॅटिंगची सगळी लायब्ररी आत येते, दीड केबीच्या आसपास जागा. म्हणजे तुमचा जवळपास सगळा प्रश्न इथंच बसलेला आहे. खरं सांगा, कोणती की दाबली ते स्क्रीनवर बघून तुम्ही कधी टाइप केलंय का? कीलॉगर काढून टाका. लेयरचं नाव पाहिजे असेल तर स्विच केस लिहून ठरलेली नावं थेट प्रोग्राम मेमरीतून छापा, त्यासाठी ओलेड राइटच्या शेवटी अंडरस्कोर पी असलेलं फंक्शन आहे आणि मजकूर पीस्ट्रमधे गुंडाळायचा. स्पीडचा आकडा दाखवायचा असेल तर क्यूएमकेमधेच आकडा छापायची छोटी फंक्शनं आहेत, गेट यू८ स्ट्र म्हणून, ती वापरा. मात्र एसएनप्रिंटएफ एका जागी काढून दुसऱ्या जागी राहिलं तर एक बाइटसुद्धा वाचत नाही हे लक्षात ठेवा, सगळीकडून गेलं पाहिजे. ओलेडवर लोगो असेल तर तो १२८ बाय ३२ चा म्हणजे ५१२ बाइट, बाजूला ठेवा, गरज पडली तर तोही काढू.

आता तुमचा मराठी लेयर. याच्यावर मला थोडं जास्त बोलायचंय कारण आपल्याकडचा जवळपास प्रत्येक जण ही गोष्ट करतो, मी पण पहिल्या बोर्डावर केली होती. युनिकोड मॅपमधे प्रत्येक अक्षराला ४ बाइट लागतात, क ख ग पासून मात्रा, जोडाक्षराचं हलंत, आकडे धरून ७० अक्षरं टाकली तर २८० बाइट नुसता तक्ता, वरून युनिकोड चालवायचा कोड वेगळा, आणि एक अख्खा लेयर वेगळा. जागेचं एक सोडा, ते नीट चालत पण नाही. कीबोर्ड कॉम्प्युटरला अक्षर पाठवतच नसतो, कोणत्या जागेची की दाबली एवढाच कोड पाठवतो. युनिकोड अक्षर पाठवायला फर्मवेअरला सोंग करावं लागतं, लिनक्सवर कंट्रोल शिफ्ट यू दाबून हेक्स आकडे टाइप करायचे, विंडोजवर विनकंपोज नावाचं सॉफ्टवेअर वेगळं टाकायचं, आणि प्रत्येक ॲपमधे ते चालेलच असं नाही. पटापट टाइप केलं की मात्रा गळते. त्यापेक्षा विंडोज असो की लिनक्स, इनस्क्रिप्ट हा मराठी लेआउट आधीपासून असतो, तो चालू करा आणि फर्मवेअरमधे फक्त भाषा बदलायची की ठेवा, विंडोजवर विंडोज बटन अधिक स्पेस. के दाबलं की क आपोआप होतो, फर्मवेअरला मराठी माहीतच असायची गरज नाही. ज्या पोरांनी इनस्क्रिप्टवर सराव केलाय त्यांचा हात याच लेआउटवर बसलेला असतो, त्यांना तुमचा बोर्ड दिला तरी चालेल. लिली५८ ला आकड्यांची ओळ आहे म्हणून इनस्क्रिप्टची बहुतेक अक्षरं जागच्या जागी येतात, उजव्या हाताला चौकटी कंसाच्या दोन किया कमी पडतात, ड आणि ञ तिथं असतात, त्या दोन किया जवळच्या लेयरला ठेवा. एवढ्यावर पूर्ण मराठी चालतं आणि युनिकोड फीचर बंद करून टाकायचं.

या दोन गोष्टींनंतर कंपाइल करून बघा, बहुतेक तुम्ही २८६७२ च्या आत आलेले असाल. पण काठावर थांबू नका. क्यूएमके अपडेट केलं की तोच कीमॅप शंभर-दोनशे बाइटनी फुगतो, मी किमान ४००-५०० बाइट मोकळे ठेवतो. तर पुढं कन्सोल आणि कमांड दोन्ही नो करा, ते डीबगसाठी असतं. स्पेस कॅडेट, ग्रेव्ह एस्केप, मॅजिक (बूटमॅजिक वेगळं, ते नाही) वापरत नसाल तर नो. आठच्या आत लेयर असतील तर कॉन्फिग फाइलमधे लेयर स्टेट ८ बिट डिफाइन करा. लॉकिंग सपोर्टच्या दोन ओळी अनडिफाइन करा. आरजीबीचे सगळे इफेक्ट चालू असतील तर साधा रंग आणि ब्रीदिंग ठेवून बाकी काढा, इंद्रधनुष्य नसलं तर काही अडत नाही. माऊस की वापरत नसाल तर ते मोठं घबाड आहे, जुन्या टेम्प्लेटमधे त्याच्यापुढं चक्क +४७०० असं लिहिलेलं असायचं, एलटीओ चालू असताना तेवढं वाचत नाही पण वाचतं. एकेक बदल करा, दर वेळी कंपाइल करा आणि आकडा वहीत लिहा. एकदम दहा ओळी बदलल्या की कशानं किती वाचलं ते कळत नाही आणि उद्या एखादी गोष्ट परत चालू करायची असेल तर अंधारात चाचपडावं लागतं.

दोन गोष्टी मात्र कापू नका. नो ॲक्शन टॅपिंग नावाची ओळ बऱ्याच यादीत सापडेल, ती टाकली की धरून लेयर आणि दाबून अक्षर अशा सगळ्या किया बंद, लिली५८ सारख्या बोर्डावर अंगठ्याच्या किया त्याच्यावरच चालतात. आणि बूटमॅजिक. केबल लावताना वरची डावी कोपऱ्यातली की धरून ठेवली की बोर्ड बूटलोडरमधे जातो, बटन दाबायला केस उघडावी लागत नाही, अशा चुकीच्या वेळी हाच दरवाजा उघडा असतो.

व्हियाबद्दल. व्हिया लई जागा खाते, पण तुम्ही रोज लेयर बदलत असाल तर ठेवा, मी भांडणार नाही. मात्र व्हियाचा कीमॅप फ्लॅशमधे नसतो, ईईप्रॉममधे असतो आणि या चिपला तो फक्त १०२४ बाइट आहे. लिली५८ ची मॅट्रिक्स १० ओळी गुणिले ६ कॉलम, ६० जागा, प्रत्येकी २ बाइट, चार लेयरचे ४८० झाले. आठ लेयर मागितले तर ९६०, मग मॅक्रोला आणि बाकी सेटिंगला काही उरत नाही. म्हणून फ्लॅश मोकळी दिसली तरी व्हियाचे लेयर वाढवायच्या आधी हा गुणाकार करा. आणि रॅम तिसरीच गोष्ट, २५६० बाइट एकूण, त्यातले ५१२ एक ओलेडचा बफरच घेतो. कंपाइल करताना साइज बसली असं जे हिरवं येतं ते फक्त फ्लॅशचं असतं. रॅम भरली तर एरर येत नाही, बोर्ड मधेच अडकतो, एखादी की दाबलेलीच राहते, आणि माणूस स्विच बदलत बसतो. मजकूर पीस्ट्रमधे ठेवा म्हणलं ते यासाठी पण, नाहीतर तोच मजकूर फ्लॅशमधे एकदा आणि रॅममधे परत एकदा बसतो.

एवढं करूनही जागा पुरत नसेल तर खरोखर बूटलोडर बदलता येतो, फक्त प्रामाणिकपणे, चिपवर. नॅनोबूट नावाचा आहे, तो ५१२ बाइटमधे बसतो, म्हणजे ३५८४ बाइट जास्तीचे मिळतात आणि मर्यादा ३२२५६ होते. तो आयएसपीनंच टाकावा लागतो, बूट सेक्शनच्या आकाराचा फ्यूज पण बदलावा लागतो, आणि त्यानंतरच रूल्स फाइलमधे त्याचं नाव आणि साइज लिहायची. क्यूएमके डीएफयू पण लोक सुचवतात, तो चांगला आहे, सीरियल पोर्टची कटकट जाते आणि आठ सेकंदाची घाई राहत नाही, पण जागा ४ केबीच घेतो, तुमच्या अडचणीला त्याचा उपयोग नाही. माझ्या हातात यूएसबीएएसपी तयार असतो म्हणून मी नॅनोबूट टाकतो, पण पहिलाच बोर्ड असलेल्या माणसाला मी तो सांगत नाही.

त्यापेक्षा पुढचा बोर्ड बनवाल तेव्हा, किंवा डावा प्रो मायक्रो खरंच गेला असेल तर, आरपी२०४० वाला प्रो मायक्रो घ्या. ही चिप २०२१ मधे रास्पबेरी पायच्या पिको बोर्डासोबत आली, रॅम २६४ केबी, फ्लॅश चिपच्या बाहेर असते आणि पिकोवर ती २ एमबी आहे, हे बाइट मोजायचं काम संपलं. आणि तिचा बूटलोडर रॉममधे आहे, म्हणजे कितीही चुकीचं फर्मवेअर टाकलं तरी तो पुसला जाऊ शकत नाही, बूटसेल दाबून केबल लावली की पेनड्राइव्हसारखा दिसतो आणि यूएफ२ फाइल नुसती टाकायची. क्यूएमकेमधे जुन्या प्रो मायक्रोचा कीमॅप तसाच ठेवून कन्व्हर्ट टू आरपी२०४० सीई म्हणून कंपाइल करता येतं. फक्त दोन्ही बाजू बदलाव्या लागतील, एका बाजूला जुनी चिप आणि दुसऱ्या बाजूला आरपी२०४० असं क्यूएमके चालवत नाही. आणि व्हीसीसीला तिथं ३.३ व्होल्ट येतात, पाच नाही, म्हणून आरजीबी पट्टी मंद जळली किंवा रंग चुकायला लागले तर कीमॅपमधे शोधू नका, व्होल्टेज बघा. कॉन्फिगमधे डबल टॅप रीसेटची ओळ टाकून ठेवा म्हणजे बूटसेलच्या बारक्या बटनाला नख लावायची गरज राहत नाही.

आज रात्री एवढं करा: रूल्स फाइलमधे परत कॅटरिना लिहा, कीलॉगर आणि युनिकोड काढा, कंपाइल करून किती आकडा आला ते मला सांगा, आणि डाव्या बाजूच्या पिना जोडून पिवळी ओळ येते का तेही. डेस्कटॉपवर फ्लॅश करणार असाल तर लाईट जायच्या वेळा सोडून करा, लॅपटॉप असेल तर काही प्रश्न नाही. पिवळी ओळ आलीच नाही तर बोर्ड घेऊन संभाजीनगरला या, वाळूजला माझ्याकडं प्रोग्रामर आणि क्लिपा तयार असतात, अर्ध्या तासाचं काम आहे.